गाल दस्त्याला

उत्तर डकोटात वाऱ्याला अडवायला काही नाही.
कॅनडातून निघतो तो थेट आमच्या मैदानावर येतो
आणि पोरांच्या टोप्या उडतात का ते बघतो.
दर मंगळवारी साडेचारला पिकअप गाड्या लागतात,
नऊ जण उतरतात, बंदुका मधोमध मोडलेल्या.
मी एकेक नळी डोळ्याला लावून
पलीकडचं आभाळ बघून घेतो.
रिकामी. पुढची. रिकामी.
एवढं मला अजून दिसतं.

टिल्डा क्वामेची हाक लांब,
कुंपणापलीकडच्या वासराला बोलावल्यासारखी.
ऑर्विनची म्हणजे नुसती उचकी.
धाकट्या स्टेलनचा आवाज फुटतोय,
यंत्राला कळत नाही
तबकडी सोडावी की वाट बघावी.

मी मागे उभा राहून तेच ते बोलतो:
वजन पुढच्या पायावर,
जड फाटक ढकलायचंय असं समज.
गाल दस्त्याला. अजून. दात दुखेपर्यंत नको.
नळीवरचा मणी बघू नकोस, मणी कुठे पळून जात नाही,
पळणारीकडे बघ, तिच्या पुढच्या कडेकडे.
आणि चाप ओढला म्हणून हात थांबवायचा नाही,
पडदा सरकवताना मध्येच सोडतेस का?

हे सगळं सांगणाऱ्या माणसाच्या नजरेत
चार वर्षांपासून मधोमध एक डाग आहे,
कपाच्या तळाएवढा.
कडेकडेचं दिसतं: गव्हाची कोठारं, कुणाचा तरी कुत्रा,
पत्र्याच्या शेडवरचा गंज.
जिथे बघावं, नेमकं तिथेच काही नसतं.
केशरी तबकडी माझ्यापुरती
त्या बुटक्या घरातून बाहेर पडतच नाही.
सॉल्वेगला माहीत आहे, गाडी तीच चालवते.
बाकी कुणाला सांगितलं नाही.
मी पोरांचे गाल बघायला शिकलो.
गाल उचलला की तबकडी गेली.
नाही उचलला, तर फुटली असणार.
वहीत टिल्डा खुणा करते, माझा हिशोब
क्वचितच एखाद-दुसऱ्याने चुकतो.

जूनमध्ये राज्य स्पर्धा. तंबू, उकडलेली कणसं,
चारशे पोरं आणि कानांत बोळे.
ऑर्विनच्या चोवीसपैकी चोवीस.
पंचविसावी. उचकी. बार.
पंच म्हणाला, "गेली."
ऑर्विन वळला. पंचाकडे नाही, माझ्याकडे.
"तुकडा पडला," तो म्हणाला, "कोच, पडला ना?"
पंचाने पेन्सिल वर धरली. चांगला माणूस होता,
विचारलं, "तुम्ही बघितलं का?"

गाल दस्त्यालाच होता. चिकटवल्यासारखा.
'हो' अगदी ओठांवर आला होता.
आठ पोरं माझ्याकडे बघत होती, नववा तर बघतच होता.
"मला दिसलं नाही," मी म्हणालो.
चार वर्षांत इतकं खरं वाक्य बोललो नव्हतो,
आणि तरी ते अर्धंच होतं.

परतताना तासभर कुणी बोललं नाही.
सूर्यफुलांची शेतं, अजून फुलं न आलेली,
मग रेल्वेचं फाटक, लांबलचक मालगाडी.
सॉल्वेगने इंजिन बंद केलं.
मागच्या सीटवरून टिल्डा म्हणाली,
"आम्हाला माहीत आहे."
डबे जात राहिले. मी मोजायचा प्रयत्न केला.
"काय माहीत आहे?"
"बाकीचे कोच तबकडीकडे बघतात.
तुम्ही आमच्याकडे बघता."

फाटक वर गेलं तरी गाडी हलली नाही.
मग ऑर्विनने विचारलं,
"मी गाल उचलला होता का?"
"नाही."
"मग ठीक आहे," म्हणाला,
आणि थंड कणीस खायला लागला.

पुढच्या मंगळवारी त्याने सगळ्यांच्या आधी
बंदूक मोडून माझ्यासमोर धरली.
"आज ढगाळ आहे, कोच," हळूच म्हणाला.
मी तरी वाकलो,
डोळा लावला,
रिकामी आहे म्हणालो, आणि म्हटलं, पुढची.